धाकटीला झालं, मला का नाही

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या बहिणीनं एक डोळा झाकून गुलाबाच्या कळीकडे बघितलं, मग तो उघडून दुसरा झाकला. उजव्या डोळ्याला कळी तांबडीभडक दिसत होती. डाव्या डोळ्याला तीच कळी विटकरी रंगाची, धुऊन धुऊन रंग गेलेल्या कापडासारखी.

ती तेव्हा कामशेतच्या बाजूला एका गुलाबाच्या पॉलिहाऊसवर कामाला होती. तिथल्या पॅकिंग शेडमध्ये टेबलापाशी उभं राहून देठाची लांबी बघायची, कळी बघायची, डागाळलेली बाजूला काढायची आणि बंच बांधायचे. फेब्रुवारीत परदेशात विकला जाणारा माल जानेवारीतच निघतो, त्यामुळे त्या दिवसांत शेडमधल्या बायका उजाडायच्या आत कामावर जातात आणि दिवेलागणीला बाहेर पडतात. दोन दिवस धाकटी चांगला माल फिका म्हणून बाजूला टाकत होती. सुपरवायझरनं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की हा माल असाच आलाय. त्यानं शेजारच्या दोघींना दाखवलं. त्या म्हणाल्या, माल तर झकास आहे. तेव्हा तिला डोळे झाकून बघायचं सुचलं.

हे सगळं तिनं मला रविवारी फोनवर सांगितलं, तेही बाकीच्या गप्पा संपल्यावर, फोन ठेवता ठेवता. मी म्हणाले, चष्मा लागला असेल. मी लोणावळ्यात एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे, माझ्या आसपास सगळ्यांनाच चष्मे आहेत. मला दुसरं काही सुचलंच नाही.

आम्ही जुळ्या. नुसत्या जुळ्या नव्हे, आईलासुद्धा लहानपणी कपाळावरच्या तिटीवरून ओळखाव्या लागलेल्या अगदी एकसारख्या. मी अकरा मिनिटं आधी आले म्हणून मी मोठी आणि ती धाकटी. आमचं गाव वडिवळे धरणाच्या अंगाला. थोडी भाताची खाचरं, आणि वडील, म्हणजे आबा, रेल्वेत गँगमन, त्यामुळे घरात पगार यायचा. मी अंगानं जाड आणि आळशी, चिखलात उभी राहिले की रडायची. धाकटी काटक. म्हणून आठवीला मला खंडाळ्याच्या आत्याकडे शिकायला पाठवलं आणि ती आईच्या हाताशी राहिली, गावाकडच्या शाळेत जात राहिली. एवढाच काय तो फरक, असं आम्ही दोघी पुष्कळ वर्षं समजत होतो.

तळेगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यात काही नाही, डोळ्यामागच्या नसेला सूज आहे. तीन दिवस सलाइनमधून औषध दिलं. महिन्याभरात रंग बराचसा परत आला. ती पुन्हा कामावर गेली आणि आम्ही तो विषय सोडून दिला.

पावसाळा संपता संपता तिचे पाय गेले. गेले म्हणजे चालत होते, पण कमरेपासून खाली कुणीतरी जाड मोजे चढवल्यासारखं तिला वाटायचं. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. लावणी, मग शेड, मग घर, एवढं काम केल्यावर पाय बधिर होणारच, असं तिचा नवरा म्हणाला, आईही म्हणाली. मी मात्र यावेळी तिला घेऊन पुण्याला गेले. एमआरआय झाला, पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं. मेंदूच्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आजाराचं नाव एका कागदावर मराठीत लिहून दिलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. विजेच्या तारेवर जसं रबर असतं तसं आपल्या नसांवर आवरण असतं, आणि शरीराची रोगांशी लढणारी फौजच चुकून ते आवरण कुरतडते, असं त्यांनी समजावलं. पूर्ण बरा होत नाही, पण औषधानं आवरता येतो.

धाकटीनं विचारलं, "कशानं झालं?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, एकाच कशानं होत नाही. थोडं रक्तातून आलेलं असतं, थोडं बाहेरचं, आणि बाहेरच्या दहा गोष्टींपैकी कुणाला कुठली लागली ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. एवढ्यात मी बाहेरून रिपोर्टची फाइल घेऊन आत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

त्यानंतर अर्धा तास त्या आम्हा दोघींनाही प्रश्न विचारत होत्या. घरात धूर होता का, कुणाचा? लहानपणी वजन किती होतं? उन्हात किती असायचात? कामाच्या वेळा कशा? चौदा ते वीस वयात कधी मोठा ताप आला होता का, मानेत गाठी येऊन? एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असेल तर दुसऱ्याला इतरांपेक्षा जास्त शक्यता असते, पण बहुतेक वेळा होत नाही, असं त्या मला म्हणाल्या. मला धीर द्यायला म्हणाल्या असतील. मी फक्त पहिलं अर्धं वाक्य घेऊन लोणावळ्याला आले.

त्या आठवड्यात मी शाळेतल्या एका कोऱ्या वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला ती, एका बाजूला मी. रक्त एकच असेल तर फरक बाहेरच असणार, आणि तो मला सापडणार, असं मला वाटत होतं.

पहिल्यांदा मी ऊन लिहिलं. हा आजार थंड, कमी उन्हाच्या देशांत जास्त आणि आपल्याकडे कमी, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, थंड मुलखातला आजार आपलं घर हुडकत कसा आला? लोणावळ्यात जूनपासून चार महिने माझे कपडे वाळत नाहीत, धुकं खिडकीतून घरात येतं, आणि उरलेले महिने मी ट्यूबलाइटखाली बसते. धाकटी जन्मभर शेतात. म्हणजे व्हायचं तर मला व्हायला हवं होतं. पण तिच्या रक्तात व्हिटॅमिन डी अगदी तळाला निघालं. मग लक्षात आलं की गेली नऊ वर्षं ती शेतात फक्त लावणी-कापणीपुरती असते, तीही डोक्यापासून मनगटापर्यंत गुंडाळून. बाकी सगळा वेळ शेडमध्ये. मला सापडलं असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी स्वतःचं रक्त तपासायला दिलं. माझा आकडा तिच्यापेक्षाही खाली आला. मी वहीत ऊन खोडलं.

मग तंबाखू. धाकटी लग्नानंतर सासूबरोबर मिश्री लावायला लागली होती. भाजलेली तंबाखू दातांना घासायची, आमच्याकडच्या बायकांना त्यात काही वाटत नाही. मी कधी लावली नाही. मी हे डॉक्टरबाईंना जवळजवळ विजयानं सांगितलं. त्या म्हणाल्या, धुराचा संबंध बऱ्यापैकी स्पष्ट आहे, ओढणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त दिसतो आणि झाल्यावर वाढतोही लवकर. मिश्रीचं मात्र मला खात्रीनं सांगता येणार नाही. तोंडाच्या कॅन्सरसाठी तरी सोडा. धाकटीनं सोडली, पण माझ्या वहीत काय लिहायचं ते मला कळेना.

धुराचं हे बोलणं मी माहेरी गेले असताना मोबाइलवर नवऱ्याला सांगत होते आणि ते आबांनी ऐकलं. आबा ड्युटीवर असल्यापासून बिडी ओढायचे. घर एका खोलीचं होतं तेव्हाही आतच ओढायचे, पावसात तर दारं लावून. त्या दिवसापासून त्यांच्या खिशात बंडल दिसेना. आई म्हणाली, जेवण कमी झालंय. मी पुढच्या रविवारी गेले तेव्हा ते गोठ्याकडच्या दगडावर बसले होते.

"माज्या बिडीनं झालं का गं ते तिला?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी म्हणाले, "नाही आबा. मग मलाही झालं असतं."

"तू आठवीला गेलीस खंडाळ्याला. ती हितंच व्हती."

हे माझ्या वहीत नव्हतं. सहा-सात वर्षांचा धूर तिच्या वाट्याला जास्त आला होता, आणि ते गणित माझ्या आधी त्यांनी केलं होतं. मी त्यांना सांगितलं की डॉक्टर म्हणतात, एकट्या कशानंही होत नाही. ते व्हय म्हणाले. त्यांना पटलं की नाही ते मला कळलं नाही. मला स्वतःला काय पटलंय तेही मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

गावात सगळ्यांकडे उत्तर होतं. गुलाबाच्या फवारणीनं झालं म्हणणारे सगळ्यात जास्त. पण धाकटी फवारणीवर कधी नव्हती, आणि शेडमधल्या बाकीच्या बायका धडधाकट होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही रसायनांचा संशय घेतला जातो, पण तुमच्या बहिणीच्या बाबतीत तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. कुणी म्हणालं, पाळ्या बदलून काम केल्यानं. तेही अगदी खोटं नव्हतं, लहान वयात रात्रपाळी करणाऱ्यांचा अभ्यास झालेला आहे म्हणे. पण धाकटी शेडमध्ये लागली तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती, ते कोवळं वय केव्हाच उलटून गेलं होतं. लहानपणीचा लठ्ठपणा तर सरळ माझ्याच बाजूला. आत्याकडे वडापाव आणि खारी खाऊन मी सोळाव्या वर्षी गोल झाले होते. धाकटीच्या बरगड्या मोजता यायच्या.

वहीचं पान भरलं आणि बघते तर माझी बाजू जास्त भरलेली. कागदावर आजारी मी होते.

त्याच सुमारास माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. आधी मी कुणाला बोलले नाही. बाथरूममध्ये एक डोळा झाकून तांबडं साबणाचं वेष्टण बघायचे, मग दुसरा. दिवसातून पाच-सहा वेळा. शेवटी सुट्टी टाकून, बहिणीची औषधं आणते असं नवऱ्याला सांगून, मी एकटी पुण्याला गेले आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, माझाही एमआरआय करा. त्यांनी मला तपासलं, चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचणी टोचून बघितली. म्हणाल्या, कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसता का? मी हो म्हणाले. तिथली नस दबतेय, टेबलावर टॉवेल घाला. एमआरआयची आत्ता गरज नाही. उद्या वेगळं काही जाणवलं तर या.

परतीच्या एसटीत मला हायसं वाटायला हवं होतं. मला थोडं फसवल्यासारखं वाटत होतं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. तिला जे झालं ते मला झालं असतं तर निदान हिशेब जुळला असता, असलं काहीतरी डोक्यात होतं.

एक प्रश्न मात्र मी त्या दिवशी उठता उठता विचारला होता. तो गाठीवाला ताप एकाकडून दुसऱ्याला गेला तर दिसायला किती दिवस लागतात? त्या म्हणाल्या, साधारण महिना-दीड महिना.

दहावीच्या वर्षी दिवाळीला मी खंडाळ्याहून घरी आले ती घसा धरूनच. थोडी कणकण होती, चार दिवसांत बरी झाले. त्याच सुट्टीत आम्ही दोघी धरणाच्या भिंतीवर बसून एकाच कांड्याचा ऊस आळीपाळीनं खाल्ला होता. डिसेंबरात धाकटीचा घसा सुजला, मानेत सुपारीएवढ्या गाठी आल्या, ताप तीन आठवडे उतरला नाही. पुढे दोन महिने तिला उठून बसायची ताकद नव्हती. दहावीला ती बसली आणि गणितात गेली. पुन्हा बसली नाही. मी पुढे शिकले.

डॉक्टरबाईंनी मला हे आधीच सांगितलं होतं की त्या तापाचा विषाणू बहुतेक सगळ्यांच्याच शरीरात केव्हा ना केव्हा येऊन जातो. लहानपणी आला तर कळतही नाही. वयात येताना असा जोरात आला तर पुढे या आजाराची शक्यता वाढते, पण असा ताप आलेल्या माणसांपैकी फारच थोड्यांना हा आजार होतो. मी विचारलेल्या प्रश्नावरून त्यांनी ओळखलं असणार. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडूनच गेला असं या जगात कुणीही सिद्ध करू शकणार नाही." तुमच्याकडून गेला नाही, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

हे मी चार महिने पोटात ठेवलं. मग एप्रिलमधल्या एका दुपारी तिच्या घरी गेले. तिथे वेगळाच गोंधळ चालू होता. ऊन चांगलं असतं हे ऐकल्यापासून आई रोज सकाळी येऊन धाकटीला अंगणात खाटेवर बसवायची. त्या दिवशी जास्त वेळ बसवलं, आणि उठताना धाकटीचा उजवा पाय दुमडला, डाव्या डोळ्यापुढे धुरकट झालं. सगळ्यांना वाटलं, आजार उलटला. पुण्याला फोन लावला. पंख्याखाली बसवा, थंड पाण्यानं अंग पुसा, तासाभरात सुधारेल, असं तिथून सांगितलं. अंग तापलं की जुनी इजा झालेल्या नसा तेवढ्यापुरत्या कामचुकारपणा करतात, नवीन काही बिघडत नाही. आणि खरंच, तासाभरात ती उठून मोरीपर्यंत गेली. आई दारातच बसून राहिली होती.

"हिला ऊन द्यायचं का न्हाई द्यायचं?" तिनं मला विचारलं. "तू शिकल्याली हाइस. एकदा काय ते सांग."

मी सांगितलं, कोवळं द्यायचं, थोडा वेळ, आणि गोळ्या वेगळ्या. आई म्हणाली, ऊन कमी म्हणून आजार, आन उनात बसली तर पाय जातो, ही कसली तऱ्हा.

आई गेल्यावर मी धाकटीला उसाचं सांगितलं. महिना-दीड महिन्याचंही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं हात थांबवला नाही.

"तो ऊस मीच वडून घेतलता तुज्या हातातनं," ती म्हणाली. "तू देत नव्हतीस. म्हनत व्हतीस, माजा घसा दुखतोय."

मला हे आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. ते खरं होतं की तिनं माझ्यासाठी तिथल्या तिथं रचलं, हे मी त्यानंतर कितीदा तरी मनात उलटून बघितलंय.

तांदळातला एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "राग हाय मला. लय हाय. पर तो ह्या आजाराचा न्हाई. तू फुडं शिकलीस त्याचा हाय." मग ताट बाजूला सारून म्हणाली, चहा ठेव, माझ्यात बी घाल दोन चमचे साखर. मी उठून चहा ठेवला. सतरा-अठरा वर्षांत ती हे मला पहिल्यांदा बोलली होती, आणि मी तिच्याकडे आले होते ती दुसऱ्याच कशाची तरी माफी मागायला.

या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली. सहा महिन्यांनी एकदा तिला पुण्याला नेऊन सलाइनमधून औषध द्यावं लागतं, त्यासाठी आम्ही दोघी दिवसभर तिथे थांबतो. पहिल्या वेळी ती घाबरली होती, आता शेजारच्या खुर्चीवरच्या बायकांना मसाला कसा भाजायचा ते सांगते. त्यानंतर नवीन झटका आलेला नाही. पायातला बधिरपणा थोडा राहिलाय, उतारावर काठी घेते. शेड सोडलं नाही. आता लवकर थकते म्हणून अर्धा दिवस जाते, स्टुलावर बसून बंचांना रबर लावायचं काम दिलंय. तिच्या घरात कुणी बिडी पेटवत नाही, तिचा नवरासुद्धा गाडीतच ओढून येतो आणि तरी दारात हात-तोंड धुतो. तिची मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तिला होईल का, हे धाकटीनं विचारून घेतलंय. शक्यता थोडीच, तंबाखूपासून लांब ठेवा, वजन सांभाळा, उन्हापावसात खेळू द्या, एवढंच सांगितलं. म्हणजे कुठल्याही मुलीला सांगावं तेच. धाकटी ते ऐकून म्हणाली, एवढंच? मलाही तसंच वाटलं होतं.

मी वहीचं ते पान फाडलं नाही आणि पुन्हा उघडलंही नाही. व्हिटॅमिनची गोळी दोघीही घेतो.

गेल्या महिन्यात कामशेतच्या बाजारात मी एकटी भाजी घेत होते. सुकी मासळी विकणारी एक म्हातारी मावशी मला बघून उठली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "आता कसा हाय गं पाय? काठी कुटं टाकलीस?"

मी धाकटी नाही, हे सांगायला माझ्या तोंडात शब्द आले होते. पण तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी म्हणाले, "बरा हाय मावशी."

मी तिच्याकडून थोडी सुकट घेतली, तिनं मूठभर जास्तीची घातली. संध्याकाळी मी ती पिशवी धाकटीला नेऊन दिली आणि झालेलं सांगितलं. ती पोट धरून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, आता मी काठी घेऊन बाजारात गेले की त्या म्हातारीला वाटंल, पुन्ना उलटलं.

आम्ही दोघी त्यावर काय करावं ते ठरवत बसलो. काही ठरलं नाही. तिनं सुकट निवडायला घेतली, आणि माझी शेवटची गाडी होती म्हणून मी निघाले.